जुन्या ओट्यात हॉब बसवावा का? आणि ग्रॅनाइट ठेवू की क्वार्ट्झ?

शेवग्याची_आमटी (पुणे)

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होईल पण सगळं एकदाच लिहिते म्हणजे तुम्हाला सांगायला सोपं जाईल. कोथरूडला टू बीएचके आहे आमचा, बिल्डिंग २००३ ची, स्वयंपाकघर बिल्डरने दिलं होतं तसंच अजून. एल आकाराचा ओटा, लांब बाजू ८ फूट, आखूड बाजू साडेचार फूट, खाली कडप्पा आणि वर काळा ग्रॅनाइट. आखूड बाजूला सिंक आहे आणि तिथला सांधा उघडलाय, पाणी झिरपून झिरपून खालच्या ट्रॉलीचं प्लाय फुगलंय, दार लागतच नाही आता. त्यात गेल्या महिन्यात सोसायटीत पाइप गॅस आला, सिलिंडर गेला, ओट्याखाली जागा मोकळी झाली आणि घरात सगळ्यांना वाटायला लागलंय की काम काढायचंच तर आत्ताच काढू.

मी आणि सासूबाई दोघी स्वयंपाक करतो. सकाळी ज्वारीच्या भाकरी, संध्याकाळी पोळ्या, ५ लिटरचा कुकर दिवसातून दोनदा. गौरी-गणपतीत २५-३० पानं उठतात तेव्हा मोठी पातेली चढतात. सध्या स्टीलची तीन बर्नरची शेगडी आहे, १४ वर्षं झाली, तक्रार काही नाही.

नवऱ्याला ओटा कापून चार बर्नरचा काचेचा हॉब (ओट्यात भोक पाडून बसवायची शेगडी) हवाय, पुसायला सोपा म्हणून. शोरूमवाला म्हणतो जुना ओटा काढून टाका, पांढरा क्वार्ट्झ टाका, त्यात हॉब बसवा, आठ दिवसात सगळं तयार. आई म्हणतात चांगल्या शेगडीला काय झालंय. मला सांध्याचं आणि प्लायचं काम करायचंच आहे, बाकीचं ठरत नाहीये. कापलेला ओटा परत जोडता येत नाही म्हणून आधी विचारतेय. ज्यांनी जुन्या ओट्यात हॉब बसवलाय त्यांनी सांगा, भाकरी नीट होते का? क्वार्ट्झवर हळद खरंच लागत नाही का? गणपतीच्या आत उरकायचंय.

तांबडा_पांढरा (कोल्हापूर)

ताई, आम्ही चार वर्षांपूर्वी बसवला. भाकरी होते पण बर्नर बघून घ्या, फक्त दिसण्यावर जाऊ नका. बऱ्याच हॉबचा बर्नर ज्योत बाहेरच्या बाजूला फेकतो, गोल रिंगण पेटतं आणि मध्ये काहीच नाही, मग बिडाचा तवा कडेने लाल आणि मध्ये गार, भाकरीची कड करपते आणि पोट कच्चं राहतं. मध्येही ज्योत असलेला, दोन-तीन रिंगांचा पितळी बर्नर असेल तर फरक पडतो. दुसरं म्हणजे जाळी. बिडाची जड जाळी पाहिजे आणि तिच्यात भाकरी थेट जाळावर टाकायला मोकळी जागा पाहिजे.

शोरूमला जाताना घरचा तवा, कुकर आणि एक मोठं पातेलं पिशवीत घालून न्या आणि हॉबवर तिन्ही एकदम मांडून बघा, लाजू नका. ६० सेंटीमीटरच्या चार बर्नरवर कुकर आणि तवा शेजारी ठेवला की बाकीचे दोन बर्नर झाकले जातात, चौथा असून नसल्यासारखा. त्यापेक्षा तीन बर्नरचा रुंद घ्या.

आता काचेचं. आमची काच दुसऱ्या वर्षी फुटली. मेव्हण्याच्या साखरपुड्याचं मटण होतं, रुंद पातेलं तासभर मोठ्या जाळावर, त्याने अख्खा बर्नर झाकला आणि धग खाली काचेवर येत राहिली. फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि सगळ्या ओट्यावर खडीसाखरेसारखे तुकडे. कोणाला लागलं नाही ही देवाची कृपा. वॉरंटीत बसत नाही म्हणाले, काच पदरच्या पैशांनी आणली. तुमच्याकडे २५-३० माणसांचं होतं असं लिहिलंय म्हणून हे मुद्दाम सांगतोय. गरम काचेवर ओलं फडकं पण फिरवायचं नाही.

आणि एफएफडी असलेलाच घ्या. दूध उतू जाऊन ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो. पेटवताना बटण तीन-चार सेकंद दाबून धरावं लागतं, तेवढी सवय होते. आमच्या घरी वडील चहा ठेवून विसरतात, त्यामुळे मला ती गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

फरशीकाम_नाशिक

मी वीस वर्षं ग्रॅनाइट-फरशीचं काम करतोय. ताई, ओटा तोडायच्या आधी एक काम करा. बॅटरी घेऊन ओट्याखाली वाकून बघा, कडप्प्याचे उभे स्टँड कुठे कुठे आहेत. बिल्डरचा ओटा त्या स्टँडवर उभा असतो. हॉबचं भोक नेमकं स्टँडवर आलं तर मिस्त्री स्टँडच उडवून मोकळा होतो आणि सहा महिन्यात ओट्याला केसासारखी भेग दिसायला लागते. हॉब सरकवता येतो, स्टँड सरकवायचा नाही.

मग ओट्याची खोली मोजा, भिंतीपासून नाही, डॅडोच्या म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइलपासून पुढच्या कडेच्या मोल्डिंगपर्यंत. ओटा २ फुटाचा म्हणतात पण टाइल आणि माल धरून एक-दीड इंच आत गेलेला असतो. ६० सेंटीमीटरच्या हॉबचं भोक बहुतेक ५६ बाय ४८ सेंटीमीटरच्या आसपास येतं. पुढे आणि मागे अडीच अडीच इंचाची तरी पट्टी राहिली पाहिजे, पुढची जरा जास्त असली तर उत्तम कारण आपण तिथेच रेलतो, तिथेच पातेलं आपटतं. आणि हॉब घरात आल्याशिवाय कटर लावू द्यायचा नाही. कॅटलॉगवरून भोक पाडलं आणि दुकानदाराने दुसरं मॉडेल पाठवलं असं मी दोनदा बघितलंय.

कापताना चारही कोपऱ्यांत आधी ड्रिलने गोल भोक, मग त्या भोकापासून त्या भोकापर्यंत कटर. कोपरा गोल राहिला पाहिजे. जो कारागीर कटर सरळ फुलीसारखा पुढे नेतो त्याचा कोपरा आज नाही तर उद्या चिरतो, कारण ताण सगळा त्या टोकाला येतो. तुमच्याकडे दोन थर आहेत, वरचा ग्रॅनाइट कापला की खालचा कडप्पा अर्धा इंच जास्त कापायला सांगा, म्हणजे हॉबची पेटी अडकत नाही. ओटा जाड असेल तर हॉबबरोबर आलेल्या क्लिपा खालपर्यंत पोचत नाहीत, घाबरू नका, हॉब वजनाने बसतो. हॉबसोबत फोमची पट्टी येते तीच कडेला लावायची, सिलिकॉन भरायचं नाही. सिलिकॉन भरलेला हॉब सर्व्हिसला काढताना ओट्याची कड घेऊन येतो.

तुमचा ग्रॅनाइट २००३ चा म्हणजे बहुतेक चांगला असणार, तो फेकू नका. सिंकची बाजू तेवढी नवी करा. नवा काळा ग्रॅनाइट घेताना पांढऱ्या कापडावर थिनर घेऊन कोपऱ्यात जोरात घासा, कापड काळं झालं तर दगडाला रंग मारलाय, वर्षभरात सिंकजवळ राखाडी पडतो. आणि कोणी म्हणालं वरपण कडप्पाच ठेवा स्वस्तात होईल तर ऐकू नका. तो चुनखडीचा दगड, आंध्रच्या कडप्याकडचा म्हणून कडप्पा, लिंबू-चिंच-कोकम पडलं की पांढरे डाग कायमचे. खाली आधाराला त्याच्यासारखा दगड नाही.

क्वार्ट्झबद्दल. दगडाच्या चुऱ्यात रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ, घालून बनवलेला असतो. हळद लगेच पुसली तर निघते, रात्रभर राहिली तर पांढऱ्यावर पिवळी झाक राहू शकते. पण खरा प्रश्न गरम भांड्याचा. तेलाची कढई गॅसवरून उचलून थेट क्वार्ट्झवर टेकवली की रेझिन भाजतं, गोल डाग पडतो, तो पॉलिशने पण धड जात नाही. आपल्याकडे कुकर उतरवून ओट्यावरच ठेवतात. ग्रॅनाइटला त्याचं काही नाही.

पाइपलाइन_दादा (ठाणे)

मी गॅस फिटिंगच्या कामात आहे, तेवढंच सांगतो. पाइपचा गॅस साधारण २१ मिलिबारने येतो, सिलिंडरचा रेग्युलेटरमधून ३० ने, आणि तेवढ्याच गॅसात धगही पाइपच्या गॅसमध्ये कमी असते. म्हणून जेटचं, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाचं, भोक मोठं लागतं. हॉब घेताना पाइप गॅस आहे असं आधीच सांगा आणि कंपनीचे मूळ पीएनजीचे (पाइप गॅसचे) जेट बसवून घ्या. सिलिंडरचेच जेट ड्रिलने मोठे करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नको म्हणा, भोक वाकडं पडलं की ज्योत पिवळी येते आणि भांड्यांची बुडं काळी होतात. ज्योत निळी, कडक, बर्नरला चिकटून पाहिजे.

मीटर, पाइप आणि भिंतीवरचा व्हॉल्व्ह सुताराला किंवा प्लंबरला हलवू देऊ नका, ते गॅस कंपनीकडे अर्ज करून त्यांच्याच माणसाकडून. व्हॉल्व्ह ट्रॉलीच्या मागे गाडला जाणार नाही हे बघा, हात सरळ पोचला पाहिजे. नळी आयएसआयची नारिंगी सुरक्षा नळी, दीड मीटरच्या आत, ५ वर्षांनी बदलायची, हॉबच्या गरम बुडाला टेकता कामा नये. हॉबखालचं कपाट बंद असेल तर त्याला वर आणि खाली दोन्हीकडे जाळी ठेवा. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर साठतो. सिलिंडरचा जड, तो खाली बसतो. आज पाइप आहे, उद्या घर भाड्याने दिलं तर कोण काय लावेल सांगता येत नाही.

खिडकीच्या समोर हॉब नको, वाऱ्याने बारीक ज्योत विझते.

शेवग्याची_आमटी

बाप रे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! आत्ता वाकून बघितलं. स्टँड आहेत चार, आणि शेगडीच्या बरोबर मध्याखाली एक आहे!! शोरूमच्या माणसाने मापं घेतली तेव्हा ट्रॉली उघडलीसुद्धा नव्हती. खोली डॅडोपासून २३ इंच आहे. क्वार्ट्झ मनातून निम्मा उतरलाय पण नवऱ्याला तो पांढरेपणा आवडलाय, स्वयंपाकघर अंधारं आहे ना आमचं.

निलगिरीच्या_देशात (मेलबर्न)

पांढऱ्या क्वार्ट्झबद्दल इकडचं सांगते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून इंजिनिअर्ड स्टोनवर, म्हणजे आपण ज्याला क्वार्ट्झचा ओटा म्हणतो त्यावर, बंदी आहे. बनवायचा नाही, विकायचा नाही, बसवायचा नाही. घरात वापरणाऱ्याला त्याचा काही त्रास नसतो, तो कापणाऱ्यांना होतो. त्यात सिलिका खूप जास्त, ९० टक्क्यांच्या वरही असते, आणि कोरडा कापला की ती बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. सिलिकोसिस. तिशी-पस्तिशीतल्या मुलांना झाला इकडे, बरा होत नाही तो. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते पण बरीच कमी.

माझ्या माहेरी सांगलीला ओट्याचं काम झालं तेव्हा एक मुलगा तोंडाला रुमाल बांधून जिन्यात कापत बसला होता, भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि आम्ही आतून दार लावून घेतलं होतं घरात धूळ येऊ नये म्हणून. आता ते आठवलं की मला फार वाईट वाटतं. कुठलाही दगड घ्या, पण पाणी मारत कापायला सांगा आणि मास्क तुम्ही आणून द्या.

फरशीकाम_नाशिक

ताईंनी हे लिहिलं ते फार बरं झालं. आमच्यात खोकल्याला कोणी आजार समजत नाही, धंद्यातला भाग समजतात. माझ्याबरोबर काम शिकलेले दोघं आता जिना चढू शकत नाहीत. पाणी मारून कापलं की चिखल होतो, साफसफाई वाढते, म्हणून घरवाले कोरडं कापायला सांगतात आणि आम्ही ऐकतो. एक माणूस कटर धरतो, दुसऱ्याने बाटलीने पाणी सोडत राहायचं, एवढंच लागतं. रुमालाने काही होत नाही, एन ९५ मास्क पाहिजे. रोजच्या मजुरीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

अंधाराचं म्हणाल तर डॅडोची टाइल पांढरी लावा आणि वरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी. ओटा काळाच राहू द्या.

भिरंडाचं_सार (मडगाव)

सगळ्यांनी दगड आणि गॅस सांगितला, पण अगं, ओट्याची उंची किती आहे? आणि तुम्हा दोघींची?

मी ४० वर्षं स्वयंपाक करतेय आणि माझे खांदे कशाने गेले ते मला फार उशिरा कळलं. शेगडी ओट्याच्या वर चार-पाच इंच उंच असते. हॉब आला की ती उंची जाते, जाळी ओट्याच्या वर जेमतेम दोन इंच राहते. उंच बाईला त्याने वाकावं लागतं, बुटक्या बाईला आराम पडतो. कागदावर मोजू नका. दोघींनी ओट्यापाशी उभं राहून कोपर मुडपा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. पोळ्या लाटायची जागा कोपराच्या चार-पाच इंच खाली हवी. पातेल्यात डाव फिरवताना हात कोपराच्या वर उचलावा लागता कामा नये. सिंकची बाजू मात्र उंच असली तरी चालते, कारण भांडी सिंकच्या तळाशी असतात, ओट्यावर नाही.

शेवग्याची_आमटी

काकू, तुमचं वाचून आत्ता टेप लावला आणि मला रडू यायचं बाकी राहिलं. ओटा ३१ इंच. माझं कोपर ४२ वर, आईंचं ३७ वर. शेगडीची जाळी ३६ वर येते. त्याच्यावर सहा इंचाचं पातेलं ठेवलं की त्याची कड आईंच्या कोपराच्या पाच इंच वर! संध्याकाळी त्या कढी करत होत्या, कढीला सारखं ढवळावं लागतं ना, मी मागे उभी राहून बघत होते. त्या टाचा उचलून ढवळतात. १४ वर्षं शेजारी उभी राहते मी आणि मला ते आज दिसलं. उजवा खांदा दुखतो म्हणून त्या तेल लावतात रात्री, आम्ही वयाने म्हणायचो.

आणि माझी कंबर पोळ्या लाटताना जाते, कारण ३१ इंच मला खाली पडतं.

म्हणजे हॉब आईंना हवाय आणि उंच ओटा मला!

भिरंडाचं_सार (मडगाव)

मग तसंच कर बाळा. सिंकची बाजू नवी करणारच आहेस ना, ती ३५ वर घे, लाटणं-चिरणं तुझं तिकडे. लांब बाजू आहे तशीच ठेव.

शेवग्याची_आमटी

काय झालं ते सांगायला आले, गणपती झाल्यावर लिहीन म्हटलं होतं.

लांब बाजूचा जुना ग्रॅनाइट ठेवला, फक्त पॉलिश करून घेतला, ओळखू येत नाही इतका छान निघाला. हॉब ७ इंच डावीकडे सरकवला त्यामुळे स्टँड वाचला. पुढे पाच इंच पट्टी राहिली, मागे चारला थोडी कमी. कोपऱ्यांत आधी भोकं पाडायला सांगितली तेव्हा मिस्त्री म्हणाला तुम्हाला कोणी शिकवलं 🙂 मास्क आणि पाण्याच्या बाटल्या आम्ही दिल्या, नवऱ्याने स्वतः पाणी सोडलं दीड तास. काळा चिखल सगळीकडे, पण वाळल्यावर धूळ नाही.

काच घेतली नाही. स्टीलच्या पत्र्याचा तीन बर्नरचा घेतला, एफएफडीवाला. दुकानात मांडलेला नव्हता, मागवून घ्यावा लागला, नऊ दिवस लागले. चरे पडतात त्याच्यावर, आत्ताच दोन पडलेत, पण गौरी जेवल्या त्या दिवशी आमटीचं पातेलं दोन तास होतं आणि माझं लक्ष त्याच्याकडे गेलंसुद्धा नाही.

भाकरीचं खरं सांगायचं तर पहिले आठ दिवस जमली नाही. मध्ये कच्ची राहायची. आईंनी मग युक्ती काढली, तवा आधी बारीक जाळावर पाच मिनिटं तापू द्यायचा आणि भाकरी टाकली की तवा बोटभर सरकवत राहायचा. आता फुगते. त्या अजून म्हणतात शेगडीवर जास्त खरपूस व्हायची, आणि मला वाटतं ते बरोबर आहे. पण टाचा जमिनीवर असतात. खांद्याचं तेल अजून चालू आहे, रोज नाही.

सिंकची बाजू ३५ इंच केली, प्लाय मरीन घेतलं, आयएस ७१० चा शिक्का बघून. थिनरच्या कापडाने पहिल्या दुकानातला दगड काळा झाला, दुसऱ्या दुकानातला नाही, तो घेतला. डॅडो पांढरा, त्यामुळे नवराही खूश.

एक शंका राहिलीये. दोन ओट्यांच्या मध्ये ४ इंचाची पायरी झालीये, तिला ग्रॅनाइटचीच उभी पट्टी लावलीय. त्या कोपऱ्यात ओटा पुसताना पाणी साठतं आणि जुना सांधा आठवून मला धास्ती वाटते. तिथे काय भरू, पांढरं सिमेंट की सिलिकॉन?

फरशीकाम_नाशिक

पांढरं सिमेंट नको, दोन दगड वेगवेगळे हलतात, ते तडकणार. सांधा सुरीने कोरून मोकळा करा, हेअर ड्रायरने आतपर्यंत वाळवा, दोन्ही बाजूला चिकटपट्टी लावा आणि बुरशी न लागणारं काळं सिलिकॉन भरून साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच ओढा. सिलिकॉन ओलं असतानाच चिकटपट्टी काढायची. मग २४ तास पाणी लागू द्यायचं नाही, रात्रीची भांडी झाल्यावर करा आणि दुसऱ्या दिवशी बाहेर जेवायला जा. सिंकच्या कडेलाही तेच करा, आणि दोन-तीन वर्षांनी काढून नवीन भरा.